डावीकडची खालची ओळ

मालकाने सांगितलं, रिपोर्ट एका पानाचा हवा, उद्या अकराच्या आत हवा, आणि त्यात एवढंच यायला हवं की यादीचं पुढचं पान बघायची सोय होती, डेस्कवरच्या बाईने ती वापरली नाही.

हे सांगताना तो चष्मा पुसत होता. दुसऱ्याच्या मानेवर सुरी ठेवताना काही माणसांना चष्मा पुसायची सवय असते.

त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पोरीला ऑफिसात सगळे टेबलवाली म्हणत. वेबपानांवरचे तक्ते बनवणं हे तिचं काम. बाकीचे लोक रंग ठरवत, चित्रं बसवत, मोठमोठ्या मीटिंगा करत. ही आपली कोपऱ्यात बसून रांगा आणि रकाने जुळवत असायची. चार वर्षं झाली होती. कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती, स्वतःच धडपडून शिकली होती, त्यामुळे तिच्या चुका तिच्या मालकीच्या असत आणि बरोबर आलेलं काम ऑफिसच्या मालकीचं.

डेस्कवरची बाई तिची सख्खी मावशी होती. मालकाला ते माहीत नव्हतं. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने रिपोर्ट दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारला असता, आणि मग उद्याच्या चौकशीच्या मीटिंगला तिला दाराबाहेरच उभं केलं असतं.

"लिहिते," म्हणाली, आणि बाहेर आली. 

झालं होतं ते असं.

गावात एक डायलिसिस सेंटर आहे. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त तिथे मशीनवर साफ करतात, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं. लांबत गेलं की ते पाणी फुप्फुसात चढतं आणि माणूस कोरड्या खोलीत बुडायला लागतो. म्हणून सेंटरच्या व्हॅन पेशंटांना घरून आणतात आणि घरी सोडतात. कोणाला आणायचं हे तळमजल्यावरच्या डेस्कवर ठरतं, आणि त्या डेस्कवर बावीस वर्षं मावशी बसत होती. पहाटे साडेपाचला यायचं, पहिल्या पाळीची यादी पडद्यावर बघायची, एकेका नावाची चिठ्ठी लिहायची, चिठ्ठ्या ड्रायव्हरांच्या हातात द्यायच्या. बावीस वर्षांत एक माणूस तिच्या हातून राहिला नव्हता. ड्रायव्हर लोक म्हणत, मावशींच्या चिठ्ठीत मेलेला माणूसही उठून दारात उभा राहील.

यादीचं ते वेबपान टेबलवालीने बनवलं होतं.

तक्ता तसा साधा प्रकार. पण शंभर-दोनशे रांगा एका पडद्यावर मावत नाहीत, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांत चार राखणदार बसवायचे असतात. वर डावीकडे, एका वेळी किती रांगा दाखवायच्या ते निवडायचा चौकोन. वर उजवीकडे नाव शोधायची पट्टी. खाली उजवीकडे पानं उलटायची बटणं. आणि खाली डावीकडे बारीक अक्षरात एक ओळ: "४७ पैकी १ ते १० दाखवत आहे." कोणी कुठे बसायचं हे चार ओळींच्या सेटिंगमध्ये लिहून ठरवता येतं. कोपऱ्याच्या नावापुढे "काही नाही" असं लिहिलं की तिथला राखणदार उठून जातो. पण जातो तो डोळ्यांपुढून. तक्ता आपला दहा-दहा रांगांची पानं पाडतच राहतो. फक्त ते तो आता कोणाला सांगत नाही.

ही शेवटची गोष्ट ऑफिसात एकटीला माहीत होती. टेबलवालीला.

महिन्याभरापूर्वी सेंटरच्या मॅनेजरच्या डोक्यात आलं की आपली पानं जड दिसतात. त्याने मीटिंग बोलावली. ऑफिसातून मालक गेला, टेबलवाली गेली, आणि पानांचं रूप ठरवणारा एक गडी गेला, ज्याला पाठीमागे सगळे मोकळ्या म्हणत. कारण त्याचं एकच तुणतुणं, मोकळं दिसू द्या. कुठलंही पान दाखवा, हा आधी दोन गोष्टी काढायला सांगणार. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतून त्याने सासरे कापले होते, कडा मोकळ्या दिसाव्यात म्हणून.

मोकळ्याने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट केलं आणि विचारलं, तक्त्याभोवती ही भाजी मंडई कशाला? चारी कोपरे रिकामे करू. सगळ्या सोयी तीन ठिपक्यांच्या एका बटणात टाकू, आणि माउस तिथे नेला तरच ते बटण दिसेल.

"पानाला श्वास घेऊ द्या हो," असं त्याचं म्हणणं होतं.

मॅनेजर खूष. टेबलवाली म्हणाली, बाकीचं काय हवं ते करा, पण खालची डावीकडची ओळ राहू द्या, एकूण किती आहेत ते कळायला हवं. मोकळ्या हसला आणि म्हणाला, ती ओळ जगात कोणीही वाचत नाही. मॅनेजरही हसला. मालकाने टेबलाखालून तिच्या खुर्चीला बुटाचं टोक लावलं. नमुन्याच्या यादीत आठ नावं होती, आठही पडद्यावर दिसत होती, आणि पान खरोखरच देखणं दिसत होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

ती ऑफिसात परत आली आणि चार कोपऱ्यांपुढे चार वेळा "काही नाही" लिहिलं. एवढ्यासाठी दहा मिनिटंही लागली नाहीत. मग तेच सेंटरच्या सातही पानांवर चढवलं.

रोज संध्याकाळी ती आणि मावशी एका टेबलावर जेवायला बसत. आई गेल्यापासून, म्हणजे ती नऊ वर्षांची असल्यापासून. ती यादी रोज पहाटे वाचणारं माणूस हातभर अंतरावर बसून तिच्या ताटात वाढत होतं. मावशी, तू ती खालची ओळ वाचतेस का ग, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. ते तिने विचारलं नाही. कंटाळा आला होता, ऑफिसचं घरी काढायचं नव्हतं, काय वाटेल ते म्हणा. विचारलं नाही.

पहिले तीन आठवडे काही बिघडलं नाही, आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात हलकट बाजू आहे. सेंटरला दहा मशीनं होती. पहिल्या पाळीला दहा पेशंट. तक्ता दाखवी दहा नावं. कोणाला संशय कशाला येईल?

मग वरच्या मजल्यावर दोन नवी मशीनं लागली. ती पुढच्या महिन्यात चालू व्हायची होती, ती शनिवारीच चालू केली. पूर्वी असं काही झालं की वरची सिस्टर खाली फोन करायची. पण मॅनेजरने नव्या पानासोबत हुकूम काढला होता, आता सगळं यादीत दिसेल, उगाच फोनाफोनी नको. सिस्टरने दोन नावं यादीत घातली आणि आपल्या कामाला लागली.

यादी नावांच्या वर्णमालेने लागते. अकरावं नाव होतं लेथवाल्या आजोबांचं. जन्मभर एका कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. शाळेत हजेरीला शेवटच्या दोघांत, इथेही शेवटच्या दोघांत. बारावा पेशंट आपल्या मुलाच्या गाडीतून आला. लेथवाले आजोबा पिशवी मांडीवर घेऊन सहापासून खिडकीत बसले होते. व्हॅन आली नाही.

साडेसातला त्यांच्या लेकीने सेंटरला फोन केला. मावशीने घेतला. पडद्यावर पाहिलं. दहा नावं, त्यात यांचं नाही. पूर्वी तिने वरच्या पट्टीत नाव टाकून शोधलं असतं. आता वर पट्टीच नव्हती. खाली ओळ असती तर बारा दिसले असते; ओळ नव्हती. मावशीने फोनवर खात्रीने सांगितलं, "आज तुमचं नाव नाही. पाळी बदलतायत सध्या, सोमवारी असेल. काळजी करू नका."

लेकीने काळजी केली नाही. सोमवारी उजाडता उजाडता आजोबांचा श्वास कोंडला. गेल्या गुरुवारपासून रक्त साफ झालं नव्हतं. ॲम्ब्युलन्समधून नेताना ओठ निळे पडले होते.

मोकळ्या म्हणाला होता, पानाला श्वास घेऊ द्या. पानाने घेतला.

मंगळवारी मॅनेजरने मावशीच्या हातात कागद दिला. कामात निष्काळजीपणा, पेशंटच्या जिवाशी खेळ. गुरुवारी चौकशी, तोवर घरी बसा. आणि बुधवारी मालकाने चष्मा पुसत टेबलवालीला रिपोर्ट लिहायला सांगितला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळायचा संन्याशाच्या भाचीने.

त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा मावशी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. चौकशीला जायचं म्हणून. कॉलरवरून पाच-पाच वेळा इस्त्री फिरवत होती, जशी काही कॉलर सरळ असली की तिला माफ करतील.

टेबलवालीने विचारलं, पुढच्या पानाचं तुला कोणी सांगितलं होतं का? मावशी म्हणाली, कोणी कशाला सांगेल. तीन ठिपक्यांचं? कसले ठिपके? चिठ्ठ्या लिहिताना मी माउसला हातच लावत नाही ग, एका हातात पेन असतं, दुसऱ्यात चिठ्ठ्या.

मग तिने इस्त्री उभी केली.

"आधी खाली लिहिलेलं असायचं ना, किती आहेत ते," मावशी म्हणाली. "डावीकडे. मी त्याच्यावर बोट ठेवायचे, आकडा वाचायचे, मग चिठ्ठ्या मोजायचे. आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या की ड्रायव्हरना सोडायचे. मग एक दिवस ते गेलं. मला वाटलं, काढलं म्हणजे आता लागत नसेल. तू बनवतेस म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ?"

जगात कोणीही न वाचणारी ओळ. मावशी तिच्यावर रोज पहाटे बोट ठेवत होती.

टेबलवालीला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? तिने सांगितलं, ती ओळ मी काढली. मावशीने मान हलवली आणि म्हणाली, ते राहू दे. बघायचं काम माझं होतं. मी विचारायला हवं होतं. उद्या तू तिथे माझं नाव घेऊ नकोस, भाची आहे म्हणून सांगू नकोस, नोकरी जाईल तुझी. माझं काय, माझी बावीस वर्षं झाली.

"झाली म्हणजे काय झाली?" टेबलवाली म्हणाली. "फुकट वाटायला काढलीयेत का?"

"आवाज खाली कर. शेजारी आहेत."

हे ऐकून तिच्या अंगाचा भडका उडाला. मालकाचा राग होता, मोकळ्याचा होता, मॅनेजरचा होता, स्वतःचा तर होताच. पण त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला तो मावशीच्या त्या शहाणपणाचा. मारणाऱ्याचा हात दुखेल म्हणून गाल पुढे करणाऱ्या शहाणपणाचा. ती न जेवता झोपली. मावशीने ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या आधी ती इस्पितळात गेली. आजोबा अतिदक्षता विभागात होते. बाहेरच्या बाकावर त्यांची लेक बसली होती, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला, सोमवारी घाईत घातलेल्या, अजून तशाच. टेबलवालीने आपण कोण ते सांगितलं. त्या यादीचं पान मी बनवते. मावशीने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, तिला तेवढंच दिसत होतं. दिसायची सोय मी काढली.

लेक तिच्याकडे बघत राहिली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पान-बिन मला सांगू नका," ती म्हणाली. "बाप माझा दोन तास खिडकीत बसला होता. मी म्हणत होते, काढा ते बूट. तो म्हणे, व्हॅन आली की मग घाई होते."

तिच्या आवाजात पाणी नव्हतं. सगळं आटलं होतं. मग तिने स्वतःहून दुसरंच सांगायला सुरुवात केली. बापाच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. लेथवर गेली. मशीनपुढे जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. मालक म्हणाला, जाळीने वेळ जातो, काढ. बापाने काढली. महिन्याभरात बोटं गेली. पण घरात कधी मालकाला शिवी दिली नाही त्याने. आयुष्यभर एकच बोलायचा, जाळी मीच काढली ना, माझ्याच हाताने. मालक पुढे तीन कारखान्यांचा धनी झाला आणि बाप मरेपर्यंत स्वतःलाच कोसत बसणार.

"तुम्हीही तसंच कोसत बसणार का आता?" तिने विचारलं. "बसा. माझ्या बापाला त्याचा काय उपयोग?"

टेबलवाली उठली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली, आणि उतरता उतरता पिशवीतून तो एका पानाचा रिपोर्ट काढून चौघडी घातली. तो तिने लिहिला होता, बरं का. रात्रीच लिहून ठेवला होता. मालकाला हवा होता तस्सा.

सेंटरच्या मीटिंगच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. मधोमध मोठे डॉक्टर, त्यांच्या उजव्या हाताला मॅनेजर. मालक आणि मोकळ्या एका बाजूला. वरची सिस्टर दाराशी उभी, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. मावशी टेबलाच्या टोकाला एका चाकांच्या खुर्चीत, पाय जमिनीला रोवून, खुर्ची सरकू नये म्हणून. कॉलर कडक.

मॅनेजरने आरोप वाचला. मालकाने सांगितलं की बदलाच्या दिवशीच मेल पाठवला आहे, त्यात तीन ठिपक्यांचं सगळं लिहिलं आहे, आपले हात स्वच्छ आहेत. मेल कोणाला पाठवला, असं डॉक्टरांनी विचारलं. मॅनेजर जरा चुळबुळला. म्हणाला, मला आला होता, पण मला वाटलं तो रंगरूपाबद्दल आहे. मालक लगेच म्हणाला, तांत्रिक रिपोर्ट आमच्या मुलीने तयार केलाय, ती वाचून दाखवेल.

टेबलवाली उभी राहिली. चौघडी घातलेला कागद टेबलावर ठेवला आणि उघडला नाही. लॅपटॉप स्क्रीनला जोडला. भिंतीवर सेंटरचं एक पान आलं. पेशंटांना आणायची यादी नव्हती ती. दुसरं पान होतं, महिन्याची रक्ततपासणी कोणाकोणाची बाकी आहे त्याचं.

तिने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हे पान कोण बघतं? डॉक्टर म्हणाले, मीच बघतो, रोज सकाळी. तिने विचारलं, मग सांगा, किती जणांची तपासणी बाकी आहे?

मालक मध्येच बोलायला लागला की याचा इथे काय संबंध. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी स्क्रीन पाहिला.

"दहा," ते म्हणाले. "आणि तोच तर वैताग आहे. तीन आठवडे दहाच. रोज दोन-तीन जणांची तपासणी होते, तरी सकाळी उघडावं तर पुन्हा दहा. कमी होतच नाहीत. मी सिस्टरला विचारलं सुद्धा, तुम्ही वर काम करता की झोपा काढता?"

दाराशी सिस्टर होती. ती छताकडे बघायला लागली.

टेबलवालीने सेटिंग उघडलं. सगळ्यांना दिसेल असं, भिंतीवर. खालच्या डाव्या कोपऱ्यापुढे "काही नाही" लिहिलेलं होतं. ते तिने खोडलं, ओळ परत बसवली, पान पुन्हा उघडलं. दहा नावं तीच. फक्त त्यांच्याखाली, डावीकडे, बारीक अक्षरं आली.

"३४ पैकी १ ते १० दाखवत आहे."

मोकळ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने सोलत होता.

"म्हणजे चोवीस माणसं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तीन आठवडे बोलणी खातेय मी," सिस्टर दारातून म्हणाली. छताकडे बघतच.

आता टेबलवालीचा आवाज चढला. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, मोठे डॉक्टर चुकले तर तो वैताग, आणि डेस्कवरची बाई चुकली तर तो निष्काळजीपणा, हे कुठलं माप? दोघांना एकच पान दिसत होतं. ती ओळ काढायला यांनी सांगितलं, तिने मोकळ्याकडे हात केला. यांनी टाळ्या वाजवल्या, मॅनेजरकडे. यांनी मला गप्प बसवलं, मालकाकडे. आणि काढली मी. माझ्या हाताने. मला ठाऊक होतं की तक्ता पानं पाडत राहणार. बाकी कोणाला नव्हतं ठाऊक, मला होतं. तेव्हा माझाही हिस्सा लिहा. पण प्रत्येकाचा ज्याचा त्याचा लिहा. सगळ्यांचं गाठोडं एकीच्या डोक्यावर देऊ नका.

"अग, गप्प बस," मावशी टेबलाच्या टोकावरून म्हणाली. खुर्ची सरकली आणि ती पुन्हा पाय रोवून बसली. "ठमे, खाली बस."

ठमी हे तिचं घरातलं नाव. मालकाने मान वळवली. एकदा मावशीकडे, एकदा टेबलवालीकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर एक घाणेरडा आनंद आला. तो म्हणाला, असं आहे होय. नातेवाईक आहेत. मग या बोलण्याला किंमत काय राहिली?

"भाची आहे मी यांची," टेबलवाली म्हणाली. "आणि तुमची नोकर आहे. भाची म्हणून खोटं बोलेन असं वाटत असेल, तर चौतीस मोजून घ्या. नोकर म्हणून खोटं लिहिलं होतं, ते या कागदावर आहे. तो हवा तर ठेवा."

तिने चौघडी त्याच्या पुढ्यात सरकवली. मालकाने ती उचलली नाही.

डॉक्टर उठले. त्यांना चोवीस माणसांची तपासणी आजच्या आज करायची होती. जाता जाता त्यांनी मॅनेजरला सांगितलं की सातही पानांवर ती ओळ संध्याकाळच्या आत परत आली पाहिजे, शोधायची पट्टीही, आणि बाईंचं काय ते तुम्ही निस्तरा. सिस्टरजवळून जाताना ते थांबल्यासारखे झाले. माफी मागतील असं क्षणभर वाटलं. मोठे डॉक्टर होते; चालू लागले. सिस्टर त्यांच्या मागोमाग गेली.

मालक दारापर्यंत गेला आणि टेबलवालीला हलक्या आवाजात म्हणाला, ओळी परत बसव आणि उद्या येऊन सामान घेऊन जा. ती म्हणाली, सामान कसलं, एक कप आणि एक चार्जर. कप मोकळ्याला द्या. टेबलावरून काढून टाकायला त्याला काहीतरी लागेल. मोकळ्या ऐकत होता. बाटलीचं लेबल आता पूर्ण निघालं होतं.

दोघं निघून गेले आणि खोलीत तिघं राहिली. मॅनेजरने फाइल बंद केली आणि मावशीकडे बघून हसला. म्हणाला, झालं गेलं विसरून जा बाई. उद्यापासून कामावर या. या वेळी फक्त ताकीद देऊन सोडतो.

टेबलवालीने मावशीकडे पाहिलं. आता ही हात जोडणार. थँक यू साहेब म्हणणार, कॉलर नीट करणार, आणि पहाटे साडेपाचला डेस्कवर जाऊन बसणार. बावीस वर्षं हेच तर केलं होतं.

मावशी उठली. खुर्ची मागे गेली आणि भिंतीवर आपटली. तिने ती धरली नाही. लांब टेबलाच्या कडेकडेने चालत ती मॅनेजरपाशी आली आणि बंद केलेली फाइल तिने स्वतः उघडली. वरच कागद होता. कामात निष्काळजीपणा.

"ताकीद कसली देताय?" तिने विचारलं. आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "मी फोनवर एका बाईला सांगितलं, काळजी करू नका. ते माझ्या तोंडून गेलंय, ते मी मरेपर्यंत भोगेन, त्याला तुमचा कागद नकोय. ती माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला घेऊन इस्पितळात बसलीये, मी आता इथून तिच्याकडे जाणार आहे. तिच्या पाया पडायचं तर पडेन. पण हे जे लिहिलंय ना, निष्काळजी, हे खोटं आहे. मी रोज बघत होते. तुम्ही बघायचं काढून घेतलंत. तसं लिहा. आत्ता."

मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, खाली एक टीप जोडतो.

"खाली नको," मावशी म्हणाली. "खाली लिहिलेलं तुम्ही लोक काढून टाकता. वर लिहा. मधोमध."

त्याने टेबलवालीकडे पाहिलं, जणू ती काही मदत करेल. तिने स्वतःच्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

मावशीने कागदावर बोट ठेवलं, शब्द कुठून सुरू करायचे ते दाखवायला. आणि त्याचं लिहून पुरं होईपर्यंत तिने ते तिथून उचललं नाही.